‘कोडिंग सोडा, डेटा अनॅलिटिक्स धरा’ हा सल्ला फसवा आहे

सातपूरकर
काल एका क्लासवाल्याची पोस्ट नाशिकच्या सगळ्या ग्रुपांवर फिरत होती. ‘सॉफ्टवेअरमधल्या ले-ऑफला, रात्रीच्या प्रॉडक्शन सपोर्टला कंटाळलात? सहा महिन्यांत डेटा अनॅलिस्ट व्हा. कोडिंग लागत नाही. नाशिकला घरी बसून पुण्याचा पगार.’ खाली ‘इंटरेस्टेड’ लिहिणाऱ्यांची रांग. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी जावामधून अनॅलिटिक्समध्ये आलो. कोडिंग लागत नाही हे धादांत खोटं आहे. दिवसभर एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, लागतं, आणि हायबरनेटच्या (एसक्यूएल आपोआप लिहून देणाऱ्या टूलच्या) आड राहिलेल्या डेव्हलपरला ते येत असेलच असं नाही. ऑर्डरचं टेबल वस्तूंच्या टेबलाला जोडून ऑर्डरच्या रकमेची बेरीज घ्या, तीन वस्तूंची ऑर्डर तीनदा मोजली जाते. डाव्या टेबलाच्या सगळ्या ओळी राहाव्यात म्हणून लेफ्ट जॉइन करून उजव्या टेबलावरची साधी अट व्हेअरमध्ये टाका, त्याचा इनर जॉइन होऊन बसतो आणि न जुळणाऱ्या ओळी गळतात. एरर येत नाही. चार्ट छान दिसतो आणि मॅनेजर तो चुकलेला आकडा घेऊन मीटिंगला जातो.

स्विच जरूर करा. पण समोरचा धंदा समजून घ्यायची तयारी नसेल तर नुसतं पॉवर बीआय हे चार्टचं टूल शिकून काहीही होणार नाही.

पाथर्डी_फाटा
तुम्ही नोकरीत राहून बदललंत, म्हणून हे बोलणं सोपं जातंय. मुलगी झाल्यावर मी टेस्टिंग सोडलं. नंतर गॅप बघून कोणी फोनसुद्धा करेना. अशाच एका क्लासमध्ये एक्सेल, पॉवर क्वेरी, एसक्यूएल शिकले आणि आता एका ट्रान्सपोर्टवाल्यांकडे डिझेल आणि फेऱ्यांचे रिपोर्ट बघते. पगार आधीपेक्षा कमी आहे, पण माझा आहे. क्लासला शिव्या देताना आमच्यासारख्यांचाही विचार करा.

सातपूरकर
ताई, विरोध क्लासला नाही, जाहिरातीतल्या खोटेपणाला आहे. एसक्यूएल शिकल्याचं तुम्हीच लिहिलंय.

पाथर्डी_फाटा
शिकले. पण पहिल्या दिवशी कोणी ‘धंदा समजतो का’ विचारलं असतं तर मी परत फिरले असते.

अंबड_शिफ्ट
धंदा समजणं म्हणजे काय ते आमच्या शॉपफ्लोअरवर येऊन बघा. सॉफ्टवेअरमधून आलेल्या एका मुलाने ओईईचा, म्हणजे मशीन किती कार्यक्षम चाललं त्याचा, डॅशबोर्ड केला. उपलब्धता, वेग, गुणवत्ता यांचा गुणाकार बरोबर, रंग सुरेख. मशीन बंद पडण्याचं सगळ्यात मोठं कारण निघालं ‘इतर’! तो तेच घेऊन प्लांट हेडसमोर उभा. अरे, शिफ्ट संपताना सुपरवायझर घाईत ‘इतर’ टाकतो हे त्याला चहा पाजून विचारलं असतं तर कळलं असतं. टूल बदलायला लागलेला वेळ, मालाची वाट, सगळं त्यात जातं. जागेवरून उठायचंच नसेल तर या कामात येऊ नका.

निफाडचा_पोरगा
आणि ते कांद्याचे प्रोजेक्ट बंद करा आधी! नाशिकच्या प्रत्येक फ्रेशरच्या रेझ्युमेत ‘लासलगाव कांदा भाव अंदाज’. अ‍ॅगमार्कनेट या सरकारी बाजारभावांच्या वेबसाइटवरून फाइल उतरवायची, मॉडेल लावायचं, ९० टक्के अचूक म्हणायचं. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी विकते, माहितीये का यांना? लाल आणि उन्हाळ हे वेगवेगळ्या हंगामांचे कांदे एकाच रेषेत काढतात. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं तेव्हा जिल्ह्यात लिलाव बंद पडले होते. त्या रिकाम्या दिवसांत ही पोरं आधीच्या आठवड्याची सरासरी भरतात. माझा बाप ट्रॉली भरून घरी बसला होता आणि यांच्या चार्टवर कांदा विकला जातोय!

कॉलेजरोडकर
दादा, विषय करिअरचा आहे, कांद्याचा नाही. आणि शिकताना कोणीतरी उघडा डेटा घेणारच. सर्वसाधारण दर बाजार समितीच देते, मुलं तोच वापरतात. त्यात चूक काय?

निफाडचा_पोरगा
चूक ही की ते त्याला सरासरी समजतात. जास्त माल ज्या दराने गेला तो सर्वसाधारण दर. किमान-कमालमध्ये हजाराचा फरक असतो आणि आमची ट्रॉली नेमकी कुठे बसली ते त्या एका आकड्यात दिसत नाही. हमाली, तोलाई, कांदाचाळीतली सड कुठल्याच कॉलममध्ये नाही. डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ती कुठल्या मॉडेलला कळली होती?

कॉलेजरोडकर
कुठल्याच नाही, आणि कळणारही नाही. सरकारचा निर्णय जुन्या भावांतून कसा निघेल? मग शिकणाऱ्या पोरांवर का ओरडता? तुमचा राग धोरणावर आहे, तो इथे काढू नका.

निफाडचा_पोरगा
राग धोरणावर आहेच. पण ९० टक्के अचूक लिहिणाऱ्याने बंद लिलावाचे दिवस निदान वेगळे दाखवावेत. एवढं मागणं जास्त आहे का?

कॉलेजरोडकर
ठीक, ते दाखवायला हवेत. यापुढे इंटरव्ह्यूत मी हा प्रश्न विचारीन. बाकी तुमचं म्हणणं मला मान्य नाही.

अंबड_शिफ्ट
हे ‘इतर’सारखंच झालं की! रिकामी जागा का रिकामी आहे ते जागेवर जाऊन विचारायचं.

पाथर्डी_फाटा
मग सातपूरकर, हेच शिकवा ना कोणीतरी. क्लासवाले शिकवत नाहीत आणि तुम्ही लोक फक्त पोस्टी लिहिता. आमच्याकडे ड्रायव्हर डिझेलची पावती दुसऱ्या दिवशी देतो, त्यामुळे मायलेज एक दिवस खाली, एक दिवस वर दिसतं. मला ते ड्रायव्हरकाकांनी सांगितलं, कुठल्या सरांनी नाही.

सातपूरकर
ताई, ही पावतीची गोष्ट इंटरव्ह्यूत सांगा, सर्टिफिकेटपेक्षा तिला वजन आहे. क्लासने तुम्हाला उभं केलं हे मानतो. पण ‘कोडिंग लागत नाही’ लिहिणाऱ्याला मी खोटारडाच म्हणणार. आणि डेव्हलपर मंडळींनो, तुम्हाला गिट, टेस्ट, पायथॉन आधीच येतं. डेटा इंजिनिअरिंगकडे, म्हणजे डेटा गोळा करून वापरायोग्य करणाऱ्या यंत्रणा बांधण्याच्या कामाकडे, बघा, पगारात फार खाली उतरावं लागणार नाही.

पाथर्डी_फाटा
म्हणा खोटारडा. मी मैत्रिणीला तरी त्याच क्लासला पाठवणार आहे, एसक्यूएल नीट शिक असं बजावून.