मदत हवी आहे: नॉर्थ कॅरोलायनात अपील कोर्टाच्या न्यायाधीशाला मत द्यायचं ते कशाच्या जोरावर?

तिळगूळ_कॅरी, 8 ऑक्टोबर 2024

नमस्कार मंडळी. उन्हाळ्यात नागरिकत्वाची शपथ झाली, त्याच आठवड्यात मतदार नोंदणी केली आणि आता इथे पहिल्यांदाच मत द्यायचंय. काल सॅम्पल बॅलट (नमुना मतपत्रिका) प्रिंट करून घेतलं. कागद पाठपोट भरलेला. राष्ट्राध्यक्ष, राज्यपाल इथवर ठीक. मग ऑडिटर, शेतीखात्याचा आयुक्त, विमा आयुक्त. हेही निवडून येतात? बरं. आणि त्यांच्या खाली सुप्रीम कोर्टाची एक जागा, मग कोर्ट ऑफ अपील्स: सीट 12, सीट 14, सीट 15. प्रत्येक नावाखाली पक्ष छापलेला.

इथे माझं गाडं अडलं.

त्यात सध्या बाबा आलेत आमच्याकडे. सांगलीच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून रिटायर झाले. अजूनही वहीत रोजची नोंद रोजनाम्यासारखी करतात ("सकाळी पाऊस. जावई गैरहजर, कामानिमित्त रॅली शहरी."). मटार सोलता सोलता त्यांनी तो कागद ओढला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "जज्जसाहेबाला मत?" मग तासभर तोच विषय. त्यांच्या वेळचे एक साहेब गावात कुणाच्या लग्नालासुद्धा जात नसत, बंगल्यावर पेढ्याचा पुडा आला तर शिपायाबरोबर आल्या पावली परत जायचा. "आणि इथे साहेबच मतं मागणार? तेही पक्षाच्या नावावर?"

मला उत्तर देता आलं नाही. हे कोर्ट नेमकं काय करतं, मी कॅरी गावची असून तिन्ही सीटना मत कसं देणार, आणि ज्यांचं नावही कधी ऐकलं नाही त्यांच्यातून निवडायचं कसं? नाहीच कळलं म्हणून तेवढे गोल रिकामे सोडले तर अख्खं बॅलट बाद होईल का? कोणाला मत द्या ते सांगू नका प्लीज, तेवढं व्हॉट्सॲपवर रोज येतंय.

अर्धा_वकील, 8 ऑक्टोबर

बाबांना नमस्कार सांगा. मी रॅलीत पॅरालीगल (वकिलांचा मदतनीस) आहे, वकील नाही, म्हणून आयडी असा.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. रिकामं सोडलंत तर फक्त तेवढ्या जागेचं मत जात नाही, बाकीची सगळी मोजली जातात. एकाच जागेसाठी दोन गोल भरलेत तरी तीच जागा बाद, कागद नाही.

आता कोर्ट. इथलं सुपीरियर कोर्ट नावावरून वरचं वाटतं, पण ते ट्रायल कोर्ट आहे, बाबांच्या भाषेत सेशन कोर्ट समजा. तिथल्या आणि डिस्ट्रिक्ट कोर्टातल्या निकालांवरची बहुतेक अपिलं कोर्ट ऑफ अपील्सकडे येतात. कामावर जखमी झालेल्यांच्या भरपाईचे दावे एका कमिशनपुढे चालतात, त्यांची अपिलंही इथेच. फाशीची प्रकरणं मात्र थेट सुप्रीम कोर्टात. इथे साक्षीदार नाहीत, ज्युरी नाही. खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड आणि दोन्ही बाजूंची लेखी कैफियत वाचून तीन न्यायाधीशांचं बेंच ठरवतं. सुप्रीम कोर्ट मोजकीच प्रकरणं घेतं, त्यामुळे घटस्फोट, मुलांचा ताबा, घरमालकाशी भांडण असल्या प्रकरणांत बहुतेकांसाठी शेवटचा शब्द हाच. मतदार मात्र सगळ्यात कमी लक्ष देतात तेही इथेच.

कोर्ट 1967 साली सुरू झालं, आज 15 न्यायाधीश आहेत. सीट 12 म्हणजे प्रभाग 12 नव्हे! तो नुसता खुर्चीचा नंबर. प्रत्येक खुर्चीसाठी अख्खं राज्य मत देतं, म्हणून डोंगरातल्या ॲशव्हिलपासून किनाऱ्यावरच्या विल्मिंग्टनपर्यंत सगळ्यांच्या बॅलटवर हीच नावं. टर्म 8 वर्षांची. निवृत्तीचं वय 72 होतं, 2023 ला 76 केलं. उमेदवाराला या राज्यात वकिलीचा परवाना लागतो. पुढची चाळणी म्हणजे पक्षाची प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) आणि मग नोव्हेंबर. एमपीएससी नाही, कॉलेजियम नाही.

मधेच खुर्ची रिकामी झाली तर राज्यपाल नेमणूक करतात आणि तो माणूस पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकांसमोर जातो. तुमच्या कागदावरची सीट 12 हे त्याचं उत्तम उदाहरण. तिथे रिचर्ड डिएट्झ होते. ते 2022 ला सुप्रीम कोर्टावर निवडून गेले. राज्यपाल कूपर यांनी त्या खुर्चीवर ॲलिसन रिग्ज यांना नेमलं. काही महिन्यांत रिग्ज यांनाही सुप्रीम कोर्टावर बसवलं, मग कॅरोलिन थॉम्पसन यांना इथे. आता थॉम्पसन विरुद्ध टॉम मरी. म्हणजे 8 वर्षांची टर्म, आणि एका वर्षाच्या आत त्या खुर्चीनं तीन माणसं पाहिली. रिग्जबाईही तुमच्याच कागदावर आहेत, वरती, सुप्रीम कोर्टाच्या जागेला.

डोंबिवली_टू_डरहॅम, 9 ऑक्टोबर

पक्षाचं लेबल कायम नव्हतं हो. मी 2005 पासून इथे आहे, तेव्हा या जागांपुढे पक्ष छापत नसत. इन्कम टॅक्सच्या फॉर्मवर 3 डॉलरची खूण केली की तो पैसा न्यायाधीशांच्या प्रचार निधीत जायचा, म्हणजे उमेदवाराने वकिलांपुढे हात पसरायला नकोत. चांगली सोय होती. 2013 ला बंद केली.

अर्धा_वकील, 9 ऑक्टोबर

बरोबर, आणि या लेबलांची कथा सांगायलाच हवी, कारण बाबांचा मुख्य आक्षेप तोच आहे.

2004 पासून साधारण दहा वर्षं पक्षाविना निवडणूक. ऐकायला छान. पण 2010 ला एका जागेसाठी 13 उमेदवार उभे राहिले, मतदारांनी पहिली-दुसरी-तिसरी पसंती द्यायची होती, आणि निकाल लागायला डिसेंबर उजाडला. पहिल्या पसंतीत जे पुढे होते ते शेवटी हरले. 2014 ला तर कहर, एका खुर्चीला 19 जण! जॉन टायसन निवडून आले ते एकूण मतांच्या पावभागाहूनही कमी मतांवर.

2016 ला पक्ष परत आला, पण फक्त अपील कोर्टाच्या नावांपुढे. सुप्रीम कोर्टाची जागा तशीच लेबलाविना. त्या वर्षी लेबलवाल्या जागांमध्ये रिपब्लिकन नाव वर होतं. सुप्रीम कोर्टाच्या जागेला मात्र वरचं नाव मायकेल मॉर्गन या डेमोक्रॅटचं होतं. अपील कोर्टाच्या पाचही जागा रिपब्लिकनांनी जिंकल्या आणि मॉर्गनही जिंकले. लोक वरचा वरचा गोल भरत गेले, असा तर्क तेव्हा बऱ्याच जणांनी लावला.

2018 ला लेबल सगळीकडे, पण त्या वर्षापुरती न्यायाधीशांची प्रायमरीच रद्द केली. मग सीट 2 ला एका डेमोक्रॅटसमोर दोन रिपब्लिकन. मतं फुटली आणि टोबी हॅम्पसन निम्म्याहून कमी मतांत निवडून आले. हरलेल्या दोघांतले एक जेफरसन ग्रिफिन. ते 2020 ला दुसऱ्या जागेवरून याच कोर्टात आले आणि आज रिग्जबाईंसमोर उभे आहेत. नियम दर दोन-चार वर्षांनी बदलतात आणि बदल कोणाच्या सोयीचा हे त्या वेळी विधानसभेत बहुमत कोणाचं त्यावरून कळतं. माझं मत विचाराल तर लेबल नसताना लोक आडनाव बघून गोल भरायचे, त्यापेक्षा छापलेलं लेबल प्रामाणिक. पण आवडतं असं नाही.

फिलीकर, 9 ऑक्टोबर

आमच्या पेनसिल्व्हेनियात सुपीरियर कोर्ट हेच अपील कोर्ट आहे, नावांचा घोळ सगळीकडे. तिथेही 15 जण, पण टर्म 10 वर्षांची. पहिल्या वेळी पक्षावर लढत, नंतर समोर कोणी नसतं, फक्त "यांना ठेवायचं का, हो की नाही". आणि ही निवडणूक विषम वर्षात, राष्ट्राध्यक्षाच्या गोंगाटापासून लांब. त्यामुळे मतदानही कमी, ते वेगळंच.

खिचडीभात, 9 ऑक्टोबर

कॅलिफोर्नियात राज्यपाल नेमतात आणि आम्ही फक्त हो-नाही करतो, टर्म 12 वर्षं. मी आजवर सगळ्यांना "हो" केलंय. एकाचंही नाव आठवत नाही. 🙈

तिळगूळ_कॅरी, 10 ऑक्टोबर

अर्धा_वकील, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. प्रभाग 12 वर हसले. 19 उमेदवारांवर म्हणाले, "आमच्या बार असोसिएशनची निवडणूक बरी." कॉलेजियमवर मात्र त्यांचंही फार प्रेम नाही. न्यायाधीशच न्यायाधीश निवडतात, दाराआड काय होतं ते आम्हा कारकुनांना कुठे कळायचं, असं त्यांचं म्हणणं. मग लगेच गाडी कोल्हापूरच्या खंडपीठाच्या मागणीवर. सांगलीचा पक्षकार अपिलासाठी मुंबईला किती हेलपाटे घालत आलाय, याचा हिशोब त्यांच्याकडे तोंडपाठ आहे.

पण मूळ प्रश्न राहिलाच. वाचू काय? उमेदवारांच्या वेबसाइटवर सगळे "न्यायनिष्ठ", "अनुभवी" आणि कुत्र्यासोबत फोटो.

अर्धा_वकील, 10 ऑक्टोबर

राज्याच्या निवडणूक मंडळाकडून टपालाने न्यायाधीश-उमेदवारांची माहितीपुस्तिका येते, ती जाहिरातींच्या गठ्ठ्यात फेकू नका. अर्थात त्यातला मजकूर उमेदवारांनी स्वतःच लिहिलेला असतो. तिथे शिक्षण आणि आधी काय काम केलं एवढंच बघा. अपिलाचं काम केलंय की ट्रायलचं, न्यायाधीश होते की आमदार. मरी मॉरिसव्हिलचे माजी आमदार, थॉम्पसन आधी ट्रायल कोर्टात न्यायाधीश. हा फरक चांगला की वाईट ते तुमचं तुम्ही ठरवा.

खरं साधन दुसरं आहे. जो आत्ता खुर्चीवर आहे त्याचे निकाल कोर्टाच्या वेबसाइटवर फुकट आहेत, लिहिणाऱ्याच्या नावासकट. सीट 14 च्या व्हॅलेरी झॅकरी 2015 पासून तिथे आहेत, ढीगभर सापडेल. सगळं नको. तुम्हाला कळेल असा एक विषय घ्या, भाडेकरू किंवा मुलाचा ताबा, आणि दोन निकाल वाचा. एकमताचा एक, आणि जिथे तिघांपैकी एकाने वेगळं मत लिहिलंय असा एक. हरणाऱ्या बाजूचं म्हणणं नीट मांडून मग खोडलंय का, की दोन ओळींत उडवलंय, एवढं बघितलं तरी माणूस कळतो.

सीट 15 चं तसं नाही, तिथे दोघेही नवीन. खुर्चीवरचे हंटर मर्फी मार्चमध्ये प्रायमरीतच हरले.

तिळगूळ_कॅरी, 2 नोव्हेंबर 2024

आज अर्ली व्होटिंगचा शेवटचा दिवस, पाडव्याची ओवाळणी उरकून जाऊन आले. कम्युनिटी सेंटरात रांग पाऊण तास. बाबा बाहेर बाकावर बसले होते, आत येता येत नाही याचं त्यांना फार वाईट वाटलं.

झॅकरी यांचे दोन निकाल वाचले. एक बाबांनीही वाचला, डिक्शनरी घेऊन, तीन दिवस. म्हणाले, "टायपिंग स्वच्छ आहे. मुद्दे क्रमाने घेतलेत. हरलेल्याला वाचून कळेल का हरला." त्यांच्याकडून ही मोठी शाबासकी. मत कोणाला दिलं ते सांगत नाही. सीट 15 रिकामी सोडली. "माती व पाणी संवर्धन पर्यवेक्षक" याही पदाला मत होतं, त्याचा धागा वेगळा काढेन.

तिळगूळ_कॅरी, 14 मे 2025

धागा वर काढतेय, कारण बाबांनी फोनवर बजावलंय की ज्यांनी मदत केली त्यांना शेवट सांग.

अपील कोर्टाच्या तिन्ही जागा रिपब्लिकनांना गेल्या, थॉम्पसन हरल्या. पण खरी गंमत रिग्ज-ग्रिफिन. निकालाच्या रात्री ग्रिफिन दहाएक हजारांनी पुढे, शेवटी मोजणीत रिग्ज 734 मतांनी पुढे. दोनदा फेरमोजणी, आकडा तोच. मग ग्रिफिन यांनी साठ हजारांहून जास्त मतांवर हरकत घेतली, बहुतेकांच्या नोंदणीत लायसन्स किंवा सोशल सिक्युरिटीचा नंबर दिसत नाही म्हणून. मी यादी उघडून आधी माझं आडनाव शोधलं. नव्हतं. हात मात्र गार पडले होते.

ते प्रकरण गेलं कुठे? कोर्ट ऑफ अपील्सकडे! म्हणजे ग्रिफिन यांच्याच सहकाऱ्यांपुढे. ते स्वतः त्या बेंचवर नव्हते. 4 एप्रिलला 2 विरुद्ध 1 असा निकाल ग्रिफिन यांच्या बाजूने. विरोधी मत लिहिणारे कोण, तर टोबी हॅम्पसन, 2018 ला ग्रिफिन यांना हरवून आलेले. बहुमतात जॉन टायसन, ते 19 जणांतून आलेले. अर्धा_वकील, तुमचा प्रतिसाद काढून परत वाचला तेव्हा ही नावं ओळखीची वाटली. पुढे राज्याच्या सुप्रीम कोर्टाने त्यात थोडी काटछाट केली, मग 5 मेला फेडरल (केंद्रीय) न्यायाधीशांनी सांगितलं की निवडणूक झाल्यावर नियम बदलता येणार नाहीत, मूळ निकाल जाहीर करा. दोन दिवसांनी ग्रिफिन यांनी हार मान्य केली.

बाबा जानेवारीतच सांगलीला परतले, पण दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न, "734 चं काय झालं?" परवा त्यांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. जसं आहे तसं उतरवते:

"7 मे. अर्जदार ग्रिफिन यांची माघार. प्रकरण निकाली. हॅम्पसन यांची मुदत 2026 अखेर संपते. पुढील तारीख: नोव्हेंबर 2026."