मदत हवी आहे : आईची साखर आणि रात्रीचा भात

नमस्कार मंडळी. आईचं (वय ५८) एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.१ टक्के आलंय, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर (५.७ ते ६.४). डॉक्टरांनी गोळी दिली नाही. वजन उतरवा, रोज अर्धा तास चाला, एवढंच सांगितलं. पण आम्ही पडलो रत्नागिरीचे. रात्री आमटी-भात नसेल तर तिला जेवल्यासारखंच वाटत नाही. ज्वारीची भाकरी दोन दिवस खाल्ली, तिसऱ्या दिवशी ताट सरकवलं. वर गुरुवारचा साबुदाणा आहेच!

आधी कोशिंबीर-उसळ आणि शेवटी वाटीभरच भात, असं करून कुणाची साखर खाली आली आहे का? तिचे गुडघे दुखतात, तर अर्धा तास सलग न चालता प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं घरातच फेऱ्या मारल्या तर चालेल? आणि उपासाला साबुदाण्याऐवजी तुमच्याकडे काय करतात?