उजव्या लेनमधली वरात

तिसरा_गिअर
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एका काकांनी लांबलचक पोस्ट टाकली. सारांश असा: ३५ वर्षं गाडी चालवतोय, काटा ६०च्या पुढे कधी जाऊ दिला नाही, एकही अपघात नाही. एक्सप्रेसवेवर पोरं मागून हॉर्न बडवतात, अप्पर-डिप्पर मारतात, पण मी लेन सोडत नाही. घाई त्यांना आहे, मला नाही. खाली हात जोडलेल्यांची रांग आणि "किती छान लिहिलंत!" ग्रुपवर सासरे आहेत म्हणून तिथे गप्प बसलो. इथे बसणार नाही.

काका, "लेन सोडत नाही" हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय, पण कुठली लेन ते सांगायचं राहिलं. मी सांगतो. उजवी. डावीत असतात तर हॉर्न मारायला मागे कोणी आलंच नसतं.

रविवारी पुण्याहून निघालो. उर्से टोल गेला, कामशेतचा बोगदा संपला, मर्यादा १००. उजव्या लेनमध्ये एक पांढरी हॅचबॅक, ५५ने. मागच्या काचेशी उशी आणि टिश्यूचा डबा. मधल्या लेनमध्ये एक कंटेनर दुसऱ्या कंटेनरला मागे टाकायचा प्रयत्न करतोय, म्हणजे तिन्ही लेन बंद. हॅचबॅकमागे एसयूव्ही, मग टॅक्सी, मग मी, मग शिवनेरी. सात-आठ मिनिटं ही वरात चालली. मग एसयूव्हीवाल्याचा धीर सुटला आणि त्याने कंटेनर आणि हॅचबॅकमधल्या फटीत डावीकडून कट मारला. कंटेनरने ब्रेक मारला, टॅक्सीने मारला, मी मारला, माझ्या मुलीच्या हातातला चिवडा डॅशबोर्डभर. हॅचबॅक? ५५. शेवटी शेजारून जाताना पाहिलं, आतला आरसा असा फिरवलेला की त्यात स्वतःचं कपाळ तेवढं दिसावं.

ठोकर बसली असती तर ती एसयूव्हीच्या नावावर लागली असती. काकांचं ३५ वर्षांचं रेकॉर्ड तरीही स्वच्छच.

निवांत_६८
ती पोस्ट माझी नाही, पण असू शकली असती, म्हणून लिहितो. पाटीवरचा १००चा आकडा कमाल आहे, किमान नव्हे. हा फरक आम्हाला चौथीत शिकवला होता. रस्ता ९४.५ किलोमीटरचा. १००ने गेलात तर ५७ मिनिटं, ८०ने ७१. या चौदा मिनिटांसाठी ही सगळी आदळआपट, आणि ती चौदा मिनिटं तुम्ही फूडमॉलला वड्याच्या रांगेत घालवता.

आणि एक विचारतो. मर्यादा १०० होती म्हणता. वरात सुटल्यावर तुम्ही किती होता?

तिसरा_गिअर
११०. काट्यावर. काटा नेहमी जास्तच दाखवतो.

निवांत_६८
अस्सं.

तिसरा_गिअर
बरं, माझी चूक, लिहून घ्या. पण काका, १०० आणि ८०चा हिशेब दिलात, ६०चा का गाळलात? ९४ मिनिटं होतात. तुम्ही खुशाल ८०ने जा, मी टोलनाक्यावर हार घेऊन उभा राहतो. फक्त डावीकडून जा.

निवांत_६८
डावीकडून चालवून पाहिलंयत कधी? कडेला दिवे न लावता उभे केलेले ट्रक, मधेच प्रवासी उतरवणाऱ्या बस, आडोसा न शोधता उभे राहिलेले लोक. माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, उजव्याचं व्हायचंय. तिन्हीसांजेला समोर उभा ट्रक आहे की चालता, हे मला उशिरा कळतं. उजवीकडे निदान दुभाजक तरी असतो, त्याच्या कडेने जाता येतं. मुलगा फोनवर म्हणतो, बाबा चालवू नका. मुलगा ह्यूस्टनला. हिला तपासणीला मुंबईला कोण नेणार, ते तो सांगत नाही.

खोपोलीकर
काका, राग मानू नका, पण ट्रक उभा आहे की चालता हे कळत नसेल तर प्रश्न लेनचा राहिलाच नाही.

निवांत_६८
राग मानला आहे.

डबल_क्लच
कंटेनरचा विषय निघालाय म्हणून बोलतो. बावीस वर्षं स्टेअरिंगवर आहे, आता स्वतःच्या दोन गाड्या. तुम्हाला वाटतं आम्ही मुद्दाम लेन अडवतो. भरलेली गाडी चढाला वीसने चालली असते, पुढचा पंधराने. त्याच्या मागे राहिलो तर गिअर पाडावा लागतो, आणि एकदा पडला की गाडी परत उचलायला अर्धा किलोमीटर जातो. डिझेल कुणाच्या बापाचं?

उताराचं तर बोलूच नका. ज्या गिअरात चढवली त्याच गिअरात उतरवायची, हे उस्तादाने कानाला धरून शिकवलं. नुसत्या ब्रेकवर उतरवली की ड्रम तापतात, मग पेडल नुसतं खाली जातं, गाडी थांबत नाही. बोरघाटात ब्रेक फेल झालेल्या गाड्यांच्या बातम्या वाचता ना, त्यातले कितीतरी डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरलेले असतात. २०२४ला कॅमेरे बसले तेव्हा घाटात कारला ६० आणि आम्हाला ४०. रिकामी गाडी जरा सुटली की चलन. पळालो तर चलन आणि रेंगाळलो तर तुमच्या शिव्या.

आणि साइड घ्यायची पद्धत कारवाल्यांना माहीतच नाही. आम्ही उजवा इंडिकेटर दिला की रस्ता मोकळा आहे, काढ गाडी. एवढं सोपं आहे.

वाई_ते_वाशी
थांबा थांबा. उजवा इंडिकेटर म्हणजे "काढ"? आमच्याकडे डावा म्हणजे काढ. "मी डावीकडे दबतोय, तू जा." उजवा म्हणजे समोरून कोणीतरी येतंय किंवा मी स्वतः वळतोय, थांब.

डबल_क्लच
डावा म्हणजे गाडी कडेला लावतोय. एवढंही माहीत नसेल तर हायवेवर येऊ नका.

वाई_ते_वाशी
येऊ नका? ऐका मग. फलटणकडून येत होतो, दुपदरी रस्ता, पुढे उसाची गाडी, टपाच्या वरपर्यंत भरलेली. वीस मिनिटं मागे. शेवटी त्याने उजवा इंडिकेटर दिला. शेजारी मेव्हणा बसला होता, तुमच्याच पंथाचा. म्हणाला, दाजी काढा, देतोय तो. मी काढली. गाडी निम्म्यावर गेली आणि तो उजवीकडच्या पंपात वळला. माझा आरसा गेला, पुढचं दार दाबलं गेलं, मेव्हण्याच्या मांडीवर काचा. ड्रायव्हर खाली उतरला आणि शांतपणे म्हणाला, "इंडिकेटर दिला होता की."

सांगा, चूक कुणाची?

डबल_क्लच
पंपाजवळ ओव्हरटेक करायचाच नसतो.

वाई_ते_वाशी
म्हणजे इंडिकेटरचा अर्थ पंप बघून बदलतो का?

डबल_क्लच
हो. बदलतो. डोकं वापरायचं असतं.

म्युनिकचा_मन्या
आमच्याकडे ऑटोबानवर हा वादच होत नाही. (उजवी-डावी उलटी धरा, इथे गाड्या उजव्या बाजूने चालतात.) कडेची लेन मोकळी असेल तर तिकडे परत जायचं, हा कायदा आहे. ओव्हरटेकच्या लेनमध्ये मुक्काम नाही आणि चुकीच्या बाजूने ओव्हरटेक नाही. ६०पेक्षा जास्त पळू न शकणाऱ्या वाहनाला प्रवेशच नाही. गावाबाहेर दिवे एकदा लुकलुकवून "मी येतोय" सांगायला परवानगी आहे, पुढचा आरशात बघतो आणि सरकतो. ट्रक ट्रकला मागे टाकत रस्ता अडवतात तेव्हा तिथे त्याला हत्तींची शर्यत म्हणतात, हे मात्र अगदी आपल्यासारखं.

खोपोलीकर
आला मन्या. मागच्या आठवड्यात कांदेपोह्यांच्या धाग्यातही हा जर्मनी घेऊन आला होता.

वाई_ते_वाशी
मन्या, दिव्यांचं निघालंय तर दिवाळीतला पराक्रम सांग की. नाहीतर मी सांगतो.

म्युनिकचा_मन्या
सांगतो. सांगलीजवळ एक अरुंद पूल. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला एसटी. एसटीने दिवे मारले. तिकडे अशा वेळी दिवे मारले की "तू आधी जा" असं धरतात. मी हात हलवून आभार मानले आणि पुलावर चढलो. एसटीपण चढली. पुढे काय झालं ते लिहीत नाही, पण संपूर्ण पूल रिव्हर्स घेताना वडील शेजारी बसून एक शब्द बोलले नाहीत. मागे गुरं होती.

डबल_क्लच
डिपर म्हणजे "मी येतोय, तू थांब". शेंबड्या पोराला विचारा.

एल_बोर्ड
मला बोलायचंय. वय ४४, मागच्या वर्षी गाडी शिकले. एक्सप्रेसवेवर मधल्या लेनमधून ७०ने जाते, डावीकडचा ट्रक संपला की डावीकडे येते. म्हणजे तुमच्या सगळ्या अटी पाळून. तरी प्रत्येक वेळी तेच. आधी मागून हॉर्न, मग गाडी शेजारी आणायची, वेग कमी करायचा आणि वाकून बघायचं कोण चालवतंय. बाई दिसली की चेहऱ्यावर जे समाधान येतं ना, ते बघायला मिळतं मला. मग जातात. काका ५५ने गेले की "काका जरा हळू आहेत". मी ७०ने गेले की "बाई आहे, वाटलंच."

तिसरा_गिअर
ताई, मी बायकांबद्दल अवाक्षर काढलेलं नाही.

एल_बोर्ड
तुम्ही नाही. खोपोलीकरांनी सकाळी काढलं होतं आणि मग खोडलं. स्क्रीनशॉट आहे, लावू?

खोपोलीकर
गंमत होती.

एल_बोर्ड
खोडलीत कशाला मग?

कलमवाला
"कमाल, किमान नव्हे" म्हणणाऱ्यांसाठी. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११२ उघडा. राज्य सरकारला एखाद्या रस्त्यासाठी कमाल वेग ठरवता येतो तसा किमानही ठरवता येतो. म्हणजे फार हळू जाण्याचाही त्रास होऊ शकतो, हे कायदा करणाऱ्यांना ८८ सालीच सुचलं होतं. आणि २०२५च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गावर इशारा न देता अचानक गाडी थांबवणाऱ्याला निष्काळजी ठरवलं. मागून धडकणाराच नेहमी चुकतो, हे पारावरचं ज्ञान आता बाजूला ठेवा.

निवांत_६८
मी थांबत नाही, चालत असतो. आणि किमान ठरवता येतो म्हणालात, ठरवल्याची पाटी दाखवा. दिसली की पाळेन.

जालना_नागपूर
मी समृद्धीवर महिन्यातून दोनदा असतो. कारला १२०, ट्रकला ८०. एका रात्री, दोन वाजून गेलेले, पुढे एकच लाल दिवा. वाटलं मोटरसायकल, पण दुचाकीला तिथे बंदी. होता पिकअप, एक टेललाइट गेलेला, फार तर ६०ने, आणि उजव्या लेनमध्ये. मी ११५ला. फरक सेकंदाला पंधरा मीटरचा. दोनशे मीटरवर कळलं असेल तर तेरा-चौदा सेकंद मिळतात, आणि त्यातले चार मी "हा पळतोय की उभा आहे" यात घालवले. डावीकडे रिकामं होतं म्हणून आज लिहितोय. कडेला थांबलो, बायकोला उठवलं आणि पुढचे पन्नास किलोमीटर तिने चालवली.

एल_बोर्ड
७०ने?

जालना_नागपूर
११०ने. माझ्यापेक्षा बरी चालवते.

तिसरा_गिअर
धन्यवाद. मूळ मुद्द्यावर कोणीतरी आलं, दोन दिवसांनी.

डबल_क्लच
मूळ मुद्दा इंडिकेटरचाच आहे. पिकअपचे दोन्ही दिवे लागत असते तर लेन कुठलीही असती.

वाई_ते_वाशी
ट्रकवाल्यांचे दोन्ही लागतात, अर्थ लागत नाही.

डबल_क्लच
तुझा मेव्हणा शहाणा होता, तूच स्टेअरिंगवर चुकलास.

वाई_ते_वाशी
मेव्हण्यावर जायचं काम नाही. चार टाके पडलेत त्याला.

निवांत_६८
भांडा तुम्ही. शनिवारी पनवेलला भाचीकडे जायचंय. मधल्या लेनमधून जाईन, ७०ने, दिवसाउजेडी. कोणाला पटलं म्हणून नव्हे, हिने हा धागा वाचला म्हणून. आरसाही तिनेच सरळ करून दिला. त्यात खरंच कपाळ दिसत होतं.

तिसरा_गिअर
काका, ती पांढरी हॅचबॅक तुमची नाही ना?

निवांत_६८
राखाडी आहे. घाटात पुढे ट्रक आला तर काय करू, तेवढं कोणीतरी एकमताने सांगा.

डबल_क्लच
त्याने उजवा इंडिकेटर दिला की काढा.

वाई_ते_वाशी
काका, काढू नका!!