स्वतः शोधलेलं निदान घेऊन गेलं की डॉक्टर का चिडतात?

माळरान (धागाकर्ता):
अमेरिकेतल्या आयोवाची जिल व्हाइल्स. लहानपणापासून हातापायांचे स्नायू झडत चाललेले, आजाराला नाव मिळेना. कॉलेजात असताना तिने शोधनिबंध चाळून स्वतःच नाव काढलं: एमरी-ड्रायफस मस्क्युलर डिस्ट्रॉफी. हा आजार पुरुषांचा, असा तेव्हाचा समज. न्यूरॉलॉजिस्टने तिचे कागदही बघितले नाहीत. पुढे इटलीतल्या संशोधकांनी रक्त तपासलं आणि एलएमएनए जनुकात दोष निघाला. याच आजारात हृदयाचे ठोके बिघडतात हे तिने वाचलं होतं, म्हणून वडिलांना वेळेत पेसमेकर बसला. वर तिने २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमधली कांस्यविजेती कॅनडाची हर्डलपटू प्रिसिला लोपेस-श्लीप हिचे फोटो बघून ताडलं की हिचाही तोच जनुक बिघडलेला असणार. या आजारांचे तज्ज्ञ डॉ. अभिमन्यू गर्ग यांनी तपासलं तर पार्शियल लिपोडिस्ट्रॉफी निघाली, म्हणजे हातापायांतली चरबी झडण्याचा आजार.
आपल्याकडे ती केसपेपर काढून रांगेत बसली असती तर? "गूगल बघून आलात का?" एवढंच ऐकून परत.

दवाखाना:
तालुक्याला जनरल प्रॅक्टिस करतो, म्हणून लिहितो. जिलचा अंदाज बरोबर निघाला म्हणून तिची गोष्ट जगभर झाली. ज्यांचा चुकतो त्यांच्यावर कोण लेख लिहितं? ते माझ्याकडे येतात. परवाच एक जण आला, थकवा आणि सांधेदुखी. कुठल्याशा पॅकेजमध्ये एएनए (शरीर स्वतःवरच उलटलंय का ते बघायची रक्तचाचणी) करून घेतलेली, १:८० म्हणजे जेमतेम पॉझिटिव्ह. रात्रभर वाचून ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार, ठरवूनच आलेला. अहो, एवढी एएनए शंभर धडधाकट माणसांत दहा-बारा जणांची येते! त्याचं थायरॉईड बिघडलं होतं. पण ल्युपस डोक्यातून काढायला माझी अख्खी दुपार गेली आणि बाहेर तापाने फणफणलेली पोरं ताटकळली.

शंभर_ग्राम:
+१ डॉक्टर. मी लॅबमध्ये आहे. एचएलए-बी२७ (मणक्याच्या संधिवाताशी जोडलेल्या जनुकाची चाचणी) स्वतःहून करून घेणारे वाढलेत. पॉझिटिव्ह आला की रिसेप्शनवरच रडारड. हा जनुक असलेल्या बहुतेकांना आयुष्यात काही होत नाही, हे आम्ही काउंटरवर किती जणांना समजावणार?

पेठकरीण:
बी२७चा विषय निघालाच आहे तर सांगते. माझा भाऊ, वय २४. पहाटे कंबर आखडून जाग यायची. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं मणक्यात गॅप. दुसऱ्यांनी पट्टा दिला, तिसऱ्यांनी सक्तीची विश्रांती. विश्रांतीने दुखणं वाढायचं आणि उठून अर्धा-पाऊण तास चाललं की सुटायचं. एक्स-रे नॉर्मल, त्यामुळे घरात "कामाला नको म्हणून सोंग" इथपर्यंत गेलं. मी वाचत बसले तेव्हा कळलं, साध्या कंबरदुखीला विश्रांतीने आराम पडतो आणि अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये, म्हणजे मणक्याच्या संधिवातात, नेमकं उलटं. मागे डोळा लाल होऊन दुखला होता तोही त्यातलाच असू शकतो. चौथ्या डॉक्टरांना हे सगळं सांगितलं, त्यांनी माकडहाडाच्या बाजूच्या सांध्यांचा एमआरआय काढायला लावला. सूज होती. एक्स-रेत दिसायला वर्षं जातात म्हणे.

दवाखाना:
ताई, यात गूगलचं काय श्रेय? तुम्ही नीट हिस्टरी दिलीत. आम्हाला तीच हवी असते.

पेठकरीण:
डॉक्टरसाहेब, तिघांपैकी एकानेही "चालल्यावर बरं वाटतं का?" विचारलं नाही. आणि डोळ्याचं कंबरेच्या डॉक्टरला सांगायचं असतं हे आम्हाला वाचल्याशिवाय कसं कळणार? सांगण्यासारखं काय आहे तेच माहीत नसतं पेशंटला. तुम्ही म्हणता हिस्टरी द्या, पण वाचू नका. कसं जमायचं?

उंबरठा:
हे वाचणं कुणाला परवडतं तेही बघा. जिल इंग्रजी शोधनिबंध वाचू शकली. माझी मावसबहीण पाळीत दुखून आडवी पडायची, तर "बाईच्या जातीला दुखायचंच, लग्नानंतर थांबेल." एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो आजार) कळायला जगभरात सरासरी सात-आठ वर्षं लागतात. तिने मराठीत शोधलं तर काय मिळालं? ओवा आणि गूळ.

माळरान:
मुद्दा मान्य. पण मग मराठीत चांगलं लिहिलं जावं असं म्हणा, वाचूच नका असं नको. दवाखाना, तुम्ही चिडता ते वाचण्यावर की वेळ जातो त्यावर?

दवाखाना:
वेळेवर. लपवत नाही. माणशी चार-पाच मिनिटं मिळतात, त्यात चौदा पानांचं प्रिंटआउट वाचू की पोट दाबून बघू? एक पान आणा. कधीपासून, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, कुठली औषधं झाली. मेडिकलवाल्याकडून घेतलेली गोळीसुद्धा लिहा, त्यात स्टेरॉइड असलं तर अर्धी लक्षणं झाकली जातात. आजाराचं नाव लिहूच नका, मग आम्हीही त्याच चष्म्यातून बघतो.

पेठकरीण:
इथे नाही पटलं. नाव लिहिणार, खाली प्रश्नचिन्ह टाकून. नाहीतर पुन्हा गॅप आणि पट्टा.

उंबरठा:
ते तुम्ही दोघं ठरवा. पेठकरीणताई, माझ्या पुतण्याचं अगदी तुमच्या भावासारखं आहे, पहाटेचंच. आमच्या जिल्ह्यात संधिवाताचे तज्ज्ञ नाहीत. पुण्यालाच यावं लागेल का?

दवाखाना:
लगेच नको. आधी जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मेडिसिनच्या ओपीडीला दाखवा, सकाळी लवकर. जुने एक्स-रे फेकून देऊ नका. आणि बी२७ स्वतःहून करून नेऊ नका, लागली तर ते सांगतील.