वाळलेल्या झाडावर गडी चढवावा का? तातडीने सल्ला हवा आहे

परसदार:
गावच्या घरामागचे एक मोठे झाड पूर्ण वाळले असून ते काढायचे आहे. चढणारा गडी शनिवारी येणार आहे, परंतु चुलते म्हणतात की वाळक्या झाडावर माणूस चढवू नये. मी पुण्यात असल्यामुळे जाऊन पाहणे शक्य नाही. झाड सरळ उभे आहे. चढता येईल की नाही, एवढेच कृपया सांगावे.

आगरवाला:
झाड कोणते, किती उंच आणि कधीपासून वाळलेले, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही. महिन्यापूर्वी वाळलेले झाड आणि दोन पावसाळे अंगावर घेतलेले वाळके झाड, यांत जमीनअस्मानाचा फरक असतो.

परसदार:
रायवळ आंबा आहे, उंची अंदाजे 40 फूट. भिरूड किडीने खोड पोखरले होते, बुंध्याशी भुसा पडत असे. मागच्या वर्षीच्या पावसाळ्याआधीच पाने तपकिरी होऊन गळाली. आता तरी उत्तर मिळेल का?

सागवानी:
खुशाल चढवा. ब्रह्मदेशात सागाच्या खोडाभोवती गोल खाच पाडून झाड दोन-तीन वर्षे उभेच वाळवत, कारण ओले सागवान नदीत तरंगत नसे. वाळके लाकूड कणखरच असते.

आगरवाला:
त्या सागावर कोणी चढत नसे, तो जमिनीवरूनच तोडत असत. शिवाय साग म्हणजे आंबा नव्हे. आंब्याचे लाकूड उघड्यावर पावसात भिजले की लवकर कुजते, त्यातून हे झाड तर किडीने आधीच पोखरलेले आहे.

कुळकायदा:
महाराष्ट्रातील 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आंबा येतो, त्यामुळे झाड वाळलेले असले तरी वन खात्याकडे आधी विचारणा करावी.

परसदार:
ते चुलत्यांनी केले आहे. माझा प्रश्न चढण्याचा आहे.

आकडीवाला:
आमच्या घरी आंबे काढण्याचे काम दोन पिढ्या चालले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. चुलत्यांना कोयत्याच्या पाठीने बुंध्यावर चहूबाजूंनी ठोकून पाहायला सांगा. भरीव खोड टणक वाजते, पोकळ खोडाचा आवाज घुमतो. परंतु आवाज चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण मुळे कुजलेली असली तरी खोड टणक वाजू शकते. त्यासाठी बुंध्याशी अळंबी उगवली आहे का, एका बाजूची माती उचलली गेली आहे का, हे पाहावे आणि मुळांच्या बेचक्यात लोखंडी सळई हाताने दाबून पाहावी. खाली पडलेली करंगळीएवढी काटकी न वाकता खडूसारखी तुटत असेल, तर वरच्या फांद्यांवर माणसाचा भार टाकणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. माझ्या चुलतभावाच्या पायाखालची मांडीएवढी फांदी अशीच गेली. दोर शेजारच्या फणसाला बांधलेला होता, म्हणून तो लोंबकळत राहिला. दोर त्याच वाळक्या झाडाला बांधलेला असता तर काय झाले असते, हे सांगायला नको.

सागवानी:
मग बुंध्यातच करवत लावा.

आकडीवाला:
करवतीच्या हादऱ्यानेच वरच्या वाळक्या फांद्या कापणाऱ्याच्या डोक्यावर येतात. मोकळी जागा किती आहे, हे धागाकर्त्याने अजूनही सांगितलेले नाही.

परसदार:
जागा नाही. पूर्वेला कौलारू गोठा आहे आणि विजेची तार दहा हातांवरून जाते. क्रेन आत येण्याइतकी पाणंद रुंद नाही. चुलत्यांनी आत्ताच पाहिले: बुंध्याला पांढरी अळंबी आहे आणि सळई वीतभर आत गेली. गड्याला नको म्हणून कळवले आहे. शेजारी फणस नाही, पण पंधरा फुटांवर जिवंत चिंच आहे.

आकडीवाला:
चिंचेवर दोर घेऊन, वाळक्या झाडावर पाय न ठेवता लांब दांड्याच्या करवतीने फांद्या उतरवणारा जाणकार शोधावा आणि त्या दिवशी महावितरणकडून तारेचा पुरवठा बंद करून घ्यावा. मात्र सळई वीतभर आत जात असेल, तर झाड शनिवारची वाट पाहीलच असे नाही. गोठ्यात गुरे आहेत का?

परसदार:
दोन म्हशी आहेत. चुलत्यांना फोन लावतो.