मदत हवी आहे : बाबांचे चार डॉक्टर, अकरा गोळ्या आणि आता हा करोना

ऋतुगंधा | २२ मार्च २०२१

नमस्कार मंडळी. माहेर नागपूरला, नंदनवन भागात. मी पुण्यात. तिथल्या लॉकडाऊनची मुदत काल संपणार होती, ती ३१ पर्यंत वाढली. इकडे पुण्यातही आकडे रोज चढताहेत, त्यामुळे मी तिकडे जाऊन बसणं सध्या शक्य नाही. जे काही करायचं ते फोनवरून.

बाबा ६६ वर्षांचे, एसटीतून निवृत्त. वीस-एक वर्षांपासून साखर, बीपी, २०१४ ला बायपास, आणि आता मूत्रपिंडही कुरकुर करतंय. शेवटचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.९, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ९.१, आणि तेही दिवाळीच्या आधीचं. त्यानंतर "लॅबमध्ये गर्दी असते" म्हणून गेलेच नाहीत. गुडघे दुखतात ते वेगळंच.

आईला दमा आहे, पंप चालू आहे. दादा ४६ चा, त्यालाही बारा वर्षांपासून साखर आणि बीपीची गोळी. किराणा दुकान त्याचं, त्यामुळे घरात राहणं त्याला परवडत नाही. म्हणजे उद्या बाबांना काही झालं तर त्यांचं करणारा माणूसही त्याच यादीतला. वहिनी तेवढी धडधाकट आहे, तिच्यावर सगळा भार.

माझी अडचण अशी. साखरेचे डॉक्टर वेगळे, हृदयाचे वेगळे, हाडांचे वेगळे, किडनीचे वेगळे. आधी बाबा सगळ्यांकडे फाइल घेऊन जायचे, तेव्हा निदान फाइल तरी एक होती. आता वर्षभर सगळं व्हॉट्सअॅपवर. जो तो आपली चिठ्ठी पाठवतो, दादा मेडिकलमधून आणून देतो. साखरेच्या डॉक्टरांना मी विचारलं, ताप आला तर यातल्या कुठल्या गोळ्या चालू ठेवायच्या? ते म्हणाले, हृदयवाल्यांना विचारा. हृदयवाले म्हणाले, किडनीचं आधी बघून घ्या. किडनीचे डॉक्टर सध्या कोविड वॉर्डात ड्युटीवर आहेत, फोन लागत नाही. कुणाला दोष देत नाहीये, ती माणसंही वर्षभर राबताहेत. पण अख्खा माणूस कोण बघणार?

काल वहिनीला पाकिटं समोर ठेवून नावं वाचायला लावली. बाबांच्या रोजच्या गोळ्या अशा: मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइड, डॅपाग्लिफ्लोझिन, टेल्मिसार्टन ४०, टेल्मिसार्टन-अॅम्लोडिपिन, मेटोप्रोलॉल, अॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ करायची), अॅटोर्वास्टॅटिन, पॅन्टोप्राझोल, कॅल्शियम, सोडा बायकार्ब आणि गुडघ्यासाठी एटोरिकॉक्सिब.

शिवाय लशीचा घोळ आहेच. बाबा म्हणतात उन्हाळा जाऊ दे मग बघू. त्यांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलंय की रक्त पातळ करायची गोळी असेल तर लस चालत नाही. दादाला ४५ ते ५९ साठीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागेल ना? ते कुठल्या डॉक्टरांचं चालतं?

ज्यांच्या घरी अशी तीन-चार दुखणी एकत्र नांदताहेत, त्यांनी या वर्षात काय व्यवस्था लावली ते सांगा. "काळजी घ्या, देव पाठीशी आहे" हे कृपया नको. ते नातेवाईक सांगताहेतच.

---

वऱ्हाडी_ठेचा | २२ मार्च

ताई, मी पण नागपूरचाच, महाल भागात राहतो. बीपीच्या त्या "सार्टन" गोळ्यांनी करोना जास्त पकडतो असं वाचलं होतं. आमच्या काकांनी बंदच केली होती. बघा एकदा.

---

मृण्मयी_क | २२ मार्च

वऱ्हाडी, हे कृपया पसरवू नका. मागच्या वर्षी मार्चमध्ये ही शंका निघाली तेव्हाच हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी जाहीर सांगितलं होतं की या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. बायपास झालेल्या माणसाची बीपीची गोळी अचानक बंद करणं हे करोनाच्या आधीच घात करणारं आहे. काकांचं बीपी आता कसं आहे?

---

वऱ्हाडी_ठेचा | २२ मार्च

मेयो हॉस्पिटलात भरती करावं लागलं होतं. करोना नव्हता. बीपीच वाढलं होतं. बरोबर आहे तुमचं.

---

औषधवाला | २३ मार्च

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, हे आधी सांगतो. तुमची यादी दोनदा वाचली.

टेल्मिसार्टन दोनदा आहे. एक एकटी आणि एक अॅम्लोडिपिनबरोबर. दोन डॉक्टरांनी आपापल्या जागी योग्यच लिहिली असेल, पण पाकिटावर ब्रँडचं नाव मोठं आणि घटक बारीक अक्षरात असतात, म्हणून घरी कुणाच्या लक्षात येत नाही. काउंटरवर हे मी आठवड्यातून एकदा तरी पकडतो. आता त्यात एटोरिकॉक्सिब. १.९ क्रिएटिनिन आणि ६६ वय म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता (ईजीएफआर) कमी, साधारण ३५-३६ च्या घरात. अशा माणसाला रोजची वेदनाशामक आणि वर दुहेरी टेल्मिसार्टन म्हणजे क्रिएटिनिन आणि पोटॅशियम दोन्ही वर जाण्याची भीती. स्वतः काही बंद करू नका, पण यासाठी ताप यायची वाट बघू नका. आजच फोन करा. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम घरी येऊन नेणाऱ्या लॅबकडून करून घ्या.

तापाच्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. त्यांना नेमकं विचारा: जेवण जात नसेल, उलट्या-जुलाब असतील तर मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन आणि ग्लिमेपिराइडचं काय करायचं? पाणी कमी पडलेल्या शरीरात पहिल्या दोन त्रास देऊ शकतात, आणि न जेवता ग्लिमेपिराइड घेतली तर साखर एकदम खाली जाते. डॅपाग्लिफ्लोझिन ऑक्टोबरात पेटंट संपल्यापासून स्वस्त झाली, त्यामुळे हल्ली भरपूर लिहिली जाते, पण आजारपणात ती थांबवायची असते हे पेशंटला क्वचितच सांगितलं जातं. उलट अॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल आणि मेटोप्रोलॉल ताप आला म्हणून कुणी घरच्या घरी बंद करू नये. तापाला पॅरासिटामॉल, ब्रुफेन नाही.

---

सुनंदा_मावशी | २३ मार्च

मी ६३, मला साखर, थायरॉइड आणि संधिवात, यजमानांना सीओपीडी (फुफ्फुसाचा जुनाट आजार). आम्ही काय केलं ते सांगते. चार स्पेशालिस्टांपेक्षा जवळचे एक एमडी मेडिसिन धरले. त्यांना स्पष्ट विचारलं, "तुम्ही आमचे मुख्य डॉक्टर व्हाल का?" ते हो म्हणाले. आता बाकीचे काहीही लिहोत, यांनी बघितल्याशिवाय गोळी पोटात जात नाही. गेल्या मार्चपासून फोनवर, व्हिडिओवर तपासायला सरकारनेच रीतसर परवानगी दिली आहे, त्यामुळे व्हिडिओवर बघत नाही म्हणणारे डॉक्टर नकोच धरू. एका कागदावर गोळ्यांची नावं (ब्रँडची नव्हे, आतल्या औषधाची), कुठली कोणी दिली, शेवटचे रिपोर्ट आणि अॅलर्जी. फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये. भरती करायची वेळ आली की ही फाइल कुणी शोधत बसत नाही.

आईंना सांगा, पंप बंद करायचा नाही. आणि बंद खोलीत नेब्युलायझर नको, पंपाला स्पेसर (औषध ओढायचं नळकांडं) लावा.

ऑक्सिमीटर घेतलाच असेल. ऑक्सिजन बघायला सहा मिनिटं चालवतात, गुडघ्यांमुळे बाबांना तेवढं चालवता येणार नाही, पण घरातल्या घरात जेवढं चालतील तेवढं चालवून बघा. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला तर घरी थांबायचं नाही.

---

मृण्मयी_क | २४ मार्च

लशीबद्दल. बाबांना फक्त वयाचा पुरावा पुरे, ६० च्या वर सर्टिफिकेट लागत नाही. दादांना लागलं असतं (दहा वर्षांहून जुनी साखर आणि बीपी दोन्ही आहे, म्हणजे यादीत बसतात, आणि कुठल्याही नोंदणीकृत डॉक्टरचं चाललं असतं), पण कालच केंद्राने जाहीर केलं, १ एप्रिलपासून ४५ च्या वरच्या सगळ्यांना, आजार असो वा नसो. तर सर्टिफिकेटच्या मागे धावू नका, नोंदणी करून ठेवा. कोविशिल्डच्या दोन डोसांतलं अंतरही आता सहा ते आठ आठवडे केलंय.

अॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल चालू असताना लस घेता येते. टोचणाऱ्या सिस्टरला आधी सांगायचं, नंतर जागा चोळायची नाही, थोडा वेळ दाबून धरायची.

---

ऋतुगंधा | २६ मार्च

सगळ्यांचे आभार, औषधवाला यांचे विशेष. टेल्मिसार्टन खरंच दोन वेगळ्या डब्यांत होती, एक सकाळच्या आणि एक रात्रीच्या. हृदयाच्या डॉक्टरांशी दादा बोलला, त्यांनी एकटी बंद करून दुसरी ठेवायला सांगितली. एटोरिकॉक्सिबही थांबवली, गुडघ्याला सध्या मलम आणि गरज पडली तर पॅरासिटामॉल. लॅबवाला काल येऊन रक्त घेऊन गेला. पोटॅशियम ५.६ आलंय, क्रिएटिनिन २.१.

मुख्य डॉक्टरांसाठी दोन ठिकाणी विचारलं. एक जण म्हणाले, कोविडमुळे नवीन पेशंट घेत नाही. दुसऱ्या डॉक्टर बाई तयार आहेत, उद्या संध्याकाळी व्हिडिओवर बघणार आहेत. सुनंदामावशी म्हणतात तसा कागद वहिनीने केलाय. बाबा लशीला अजून तयार नाहीत, पण आई म्हणाली, तुम्ही नाही गेलात तर मीही जाणार नाही, तेव्हापासून जरा नरमले आहेत.

एक शंका. पोटॅशियमसाठी केळी, नारळपाणी बंद करा असं लॅबवालाच सांगून गेला. उन्हाळा सुरू झालाय, बाबांना रोज शहाळं लागतं. हे डॉक्टर बाईंना विचारेनच, पण उद्यापर्यंत बंद ठेवू ना?

---

औषधवाला | २६ मार्च

ठेवाच. आणि पोटॅशियमचा ५.६ हा वाढलेला आकडा उद्या संध्याकाळपर्यंत थांबवू नका, आत्ताच रिपोर्टचा फोटो हृदयाच्या डॉक्टरांना पाठवा आणि फोन करून तो बघितलाय का ते विचारा. छातीत धडधड, खूप अशक्तपणा, हातपाय लुळे वाटणं असं काही झालं तर सरळ १०८. आणि बीपी नियंत्रणात राहावं म्हणून घरात कमी सोडियमचं मीठ आणलं असेल तर तेही बाजूला ठेवा, त्यात पोटॅशियमच असतं.

---

ऋतुगंधा | २६ मार्च

आणलंय. मागच्याच महिन्यात मी इथून मागवून पाठवलं होतं. डॉक्टरांना फोन लागला, रिपोर्ट बघताहेत.