बोकडाचं कातडं फॉर्मवर पहिल्यांदाच चढवायचंय, क्रम आणि चिकट कोणता?

प्रयोगशाळा_लातूर:
कॉलेजच्या प्राणीशास्त्र संग्रहासाठी उस्मानाबादी बोकडाचं डोकं-मान टिकवून मांडायचंय (टॅक्सिडर्मी). कातडं केसासकट तुरटी-मिठात कमावून तयार आहे, सध्या कोरडं आणि ताठ. फॉर्म, म्हणजे कातड्याआतला डोकं-मानेचा आकार, पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा, मापं घेऊन आम्हीच कोरला. व्हिडिओ सगळे अमेरिकेतल्या हरणांचे. त्यातलं बोकडाला काय लागू पडतं? चिकट म्हणून नुसतं फेव्हिकॉल चालेल का? आणि मेमधे करावं की थांबावं?

रापी_आरी:
आधी कातडं मऊ करा. साध्या पाण्यात रात्रभर टाकू नका, तुरटी धुऊन जाते आणि कातडं परत कच्च्यासारखं होतं, मग केस सुटतात. १ लिटर पाण्याला ५० ग्रॅम मीठ, त्यात तास-दीड तास. बाहेर काढून निथळा, टॉवेलात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि रात्रभर फ्रिजमधे ठेवा. सकाळी सगळीकडे सारखं नरम लागलं पाहिजे.

मग चेहरा पातळ करा. ओठ, पापण्या, नाकपुड्यांभोवती कातडं जाड राहिलं तर वाळताना आकसून बाहेर येतं. रापीला (कातडं छिलायच्या सुरीला) धार लावून आतून हळूहळू छिला. गालावर मिशांची मुळं ठिपक्यांसारखी दिसायला लागली की थांबा. मुळं कापली की मिशा गळतात.

आता सुकी चढवणी. चिकट न लावता कातडं फॉर्मवर घालून बघा. मानेमागची शिवण विनाताण जुळून सेंटिमीटरभर सैल राहिली पाहिजे. कमी पडलं तर कातडं ओढू नका, फॉर्म घासा. ओढून बसवलेलं वाळताना आकसतं आणि शिवण उसवते, नाहीतर गळ्याच्या खोलगट भागात कातडं फोमपासून सुटून वर येतं. नवशिक्याचं काम बिघडतं ते बहुतेक इथंच.

फोम कोरलेला आहे ते बरंय. साच्यात ओतलेल्या फोमवर गुळगुळीत साय असते, तिच्यावर चिकट धरत नाही. तरी ४० नंबरच्या पॉलिश पेपरनं एकदा खरखरीत करा आणि धूळ ब्रशनं झाडा.

नुसतं फेव्हिकॉल नको. ते लवकर धरतं, डोळा-नाक जागेवर आणायला वेळच उरत नाही. मैद्याची घट्ट खळ २ भाग, फेव्हिकॉल १ भाग. खळीत चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घाला, किडा लागत नाही. मोरचूद विषारी आहे, हातमोजे घाला आणि भांडं स्वयंपाकाचं घेऊ नका. थर पातळ पण सलग द्या, गळ्याच्या खाचेत आणि गालाखाली थोडा जास्त. डोळ्यांच्या खोबणीत फार नको, तिथं माती बसवायचीय.

शिंगवाला_उदगीर:
शिंगांचं सांगतो, कारण हरणाच्या व्हिडिओत हे सापडत नाही. हरणाचं शिंग अख्खं हाडाचं. बोकडाचं म्हणजे हाडाच्या खुंटावर शिंगाचं टोपण. टोपण काढल्याशिवाय खुंट साफ होत नाही आणि महिन्याभरानं वास येऊ लागतो. फक्त शिंगं गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवा, खळखळ उकळू नका, पिळून ओढलं की निघतं. डावं-उजवं खुणा करून ठेवा. खुंट साफ करून बोरॅक्स चोळा, पूर्ण वाळू द्या, मग टोपण इपॉक्सीनं परत बसवा. शिंगांसकट कवटीचा वरचा तुकडा दोन लांब स्क्रूंनी फॉर्मवर घट्ट करा. तो हलत असेल तर कातडं घालूच नका, शिवण शिंगाच्या मुळाशी फाटतीय.

दुसरं, हरणात डोळ्यापुढं ग्रंथीची खाच असते, तिथं कातडं आत दाबतात. शेळीच्या चेहऱ्यावर ती खाच नाही. व्हिडिओ पाहून पाहून करायला गेलात तर बोकडाचं तोंड हरणासारखं दिसायला लागेल.

कानाचं बघा. उस्मानाबादीचे कान लांब, लोंबते. आतून टोकापर्यंत उलटे काढलेत ना? सेंटिमीटरभर राहिलं तरी टोक वळतं. आत जुन्या एक्स-रे फिल्मचा तुकडा कानाच्या आकारात कापून, पेपरनं खरवडून घाला. कानाच्या मुळाशी शाडू भरायचा, पण नुसता शाडू वाळताना तडकतो. कागदाचा लगदा कालवा.

रापी_आरी:
बरोबर. क्रम विचारलात म्हणून सांगतो: काचेचे डोळे आणि पापणीची माती आधी फॉर्मवर, मग कातडं चढवून नाकाची मध्यरेषा जुळवा, मग कातड्यातली डोळ्यांची भोकं, मग कानांची मुळं, मग शिंगाच्या मुळापासून मानेकडं शिवण. दाभणात मेणाचा दोरा, टाके ५-६ मिमीवर, प्रत्येक टाका आतून बाहेर, म्हणजे केस अडकत नाहीत. शेवटी ओठ. फॉर्ममधे तोंडाची खाच साधारण १ सेमी खोल हवी, ओठाचा आतला पदर तिच्यात दाबून टाचणीनं धरा. टाचण्या पितळी किंवा स्टेनलेस. लोखंडी तुरटी-मिठात गंजतात आणि डाग कातड्यात उतरतो.

दुसरा_प्रश्न_बीड:
आमच्याकडं जुन्या वाड्यात काळविटाचं कातडं पडून आहे. त्यावर आधी हात साफ करावा का?

शिंगवाला_उदगीर:
अजिबात नको. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आहे. मालकी प्रमाणपत्र नसेल तर कातडं जवळ ठेवणंच गुन्हा, आणि वन्यप्राण्यावर पेंढा भरायचं काम परवान्याशिवाय करता येत नाही. रस्त्यावर मेलेलं हरीण सापडलं तरी ते सरकारी मालमत्ता. वन विभागाला कळवा. शिवाय जुनं वाळकं कातडं चढवायला गेलात तर फाटतंच. खाटकाकडचं बोकड घ्या, स्वस्त पडतं.

प्रयोगशाळा_लातूर:
समजलं. मग मे का जुलै? आणि डोळ्याची बाहुली कशी बसवायची?

रापी_आरी:
मेमधे करता येतं, पण बंद खोलीत, पंखा-कूलर बंद. लातूरच्या कोरड्या उन्हात वरचा पदर एका दिवसात वाळतो आणि आतलं चिकट ओलंच राहतं, तेव्हाच कातडं सुटतं. डोळे-ओठांवर ओलं फडकं आणि वरून सैल प्लास्टिक, पहिले दोन-तीन दिवस. जुलैत उलटं, बुरशी येते. पहिले पाच दिवस रोज बोटानं टिचकी मारा, पोकळ आवाज आला तिथं सिरिंजनं चिकट सोडून टाचणीनं दाबा. कान दोन पुठ्ठ्यांमधे धरून ठेवा. तीन आठवडे तरी रंगकाम नको.

बाहुली आडवी असते. बोकडाची मान वर-खाली झाली तरी ती जमिनीला समांतरच राहते, म्हणून तोंड खाली झुकवलेल्या फॉर्ममधे काच तेवढी फिरवावी लागते. माती ओली आहे तोवर समोरून पातळी लावून दोन्ही डोळे एकत्र बघा, एकेक बघू नका.